अजमेरविरुद्धचे दोन थ्रो

विनया तांबवेकर जयपूरला आली ती सत्तावन्न सालच्या जून महिन्यात, वडिलांच्या बदलीबरोबर. सदाशिवराव विम्याच्या कचेरीत अधिकारी होते. साताऱ्याहून त्यांना एकदम राजस्थानात पाठवल्याचं कळलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो तिकडे तांदूळ कसला मिळतो, हा. विनयाचा प्रश्न वेगळा होता, पण तो तिने कुणाला विचारला नाही. चौदाव्या वर्षीच ती वडिलांच्या खांद्याच्या वर गेली होती. शाळेत रांगेच्या शेवटी तिची जागा ठरलेली असायची आणि घरी हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिच्यादेखत आईला विचारायच्या, हिची उंची थांबणार कधी हो? नव्या गावात तरी आपल्याएवढ्या मुली असतील का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

होत्या. निदान चार-पाच तरी होत्या, आणि त्यांना त्याची लाजही वाटत नव्हती. विनयाला जयपूर आवडायला लागलं ते तिथून.

तांबवेकरांनी बापूनगरात वरचा मजला भाड्याने घेतला. त्या वेळचं बापूनगर म्हणजे नुकतीच आखलेली वस्ती. दोन घरांच्या मधे रेताड मोकळी जागा, तिथे बाभळी आणि बोरी, आणि संध्याकाळी कुणाच्याही गच्चीवर येऊन बसणारे मोर. टोंक रोडवरून उंटगाड्या जायच्या, मधूनच सांगानेरची बस धूळ उडवत जायची, ती गेली की पुन्हा शांत. धाकटा राजन सहा महिन्यांत "आई, मतलब काय, मी खेळायला जाऊ ना?" असं बोलायला लागला आणि आईने डोक्याला हात लावला. हिवाळ्यात सकाळी अंगणातल्या नळाचं पाणी इतकं गार असायचं, की तोंड धुताना विनयाचे दात वाजायचे. पुढे नागपुरात राहायला गेल्यावर तिला जयपूरची आठवण यायची ती अंगाला जाणवायची. आधी ते गार पाणी, मग बोरींचा वास, आणि मग सिमेंटच्या कोर्टावर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज.

बास्केटबॉलचा चेंडू तिच्या हातात दिला तो ढोमणे बहनजींनी. मुलींच्या कॉलेजात त्या व्यायामशिक्षिका होत्या. नाव पार्वती, मूळच्या अमरावतीकडच्या, शिक्षणही तिथलंच. पस्तिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, पांढरी साडी कंबरेला खोचून वावरणाऱ्या. जयपूरच्या मराठी मंडळींचा गणपती अठ्ठावन्न साली एका डॉक्टरांच्या बंगल्यात बसला होता. तिथे तोरण बांधायला माणसं स्टूल शोधत होती आणि विनयाने नुसता हात वर करून ते बांधून टाकलं. बहनजी कोपऱ्यात बसून बघत होत्या. आरती झाल्यावर त्यांनी सदाशिवरावांना गाठलं आणि मुलगी मॅट्रिक झाली की आमच्या कॉलेजात घाला, असं सांगितलं. तोवर रोज संध्याकाळी ग्राउंडवर पाठवा, हेही. सदाशिवरावांनी बायकोकडे पाहिलं. आईने एकच अट घातली, की पोरगी अर्ध्या चड्डीत खेळणार नाही. बहनजी म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्याच सलवारीत खेळतात, ओढणी छातीवरून तिरकी घेऊन कंबरेला घट्ट बांधायची, की झालं.

दोन वर्षांत विनया अशी तयार झाली की बघणाऱ्यांनी बघत राहावं. साताऱ्याच्या रांगेत खांदे पाडून उभी राहणारी मुलगी इथे कोर्टावर ताठ चालायला लागली. चेंडू डोक्यावर धरून, किंचित मागे झुकून, एका हाताने फेकण्याची तिची स्वतःची एक पद्धत होती. तो चेंडू जाळीतून खाली आला की मुली क्षणभर गप्प व्हायच्या आणि मग टाळ्या पडायच्या. एकोणसाठच्या जुलैत ती कॉलेजात गेली आणि पुढच्या वर्षी कप्तान झाली.

तारामती विनयाबरोबरच कॉलेजात आली होती. ती सांगानेरच्या छीपांची, म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या घरातली. त्या मोहल्ल्यातून कॉलेजात येणारी ती पहिलीच मुलगी. रोज बसने यायची आणि संध्याकाळच्या बसने परत जायची, त्यामुळे सराव कितीही रंगला तरी साडेपाचला तिला निघावंच लागे. तिच्या हाताची बोटं कायम रंगलेली असत, कधी निळी, कधी काळी, कधी मंजिष्ठेच्या लाल रंगाची. ती बुटकी होती, बोलायची कमी, आणि टीममध्ये पाचवी म्हणून कशीबशी बसायची. पण एक गोष्ट तिच्यासारखी कुणाला येत नव्हती. फाउल झाला की रेषेवर उभं राहून जे थ्रो फेकायला मिळतात, ते तारा कधी चुकायची नाही. गुडघ्यांत वाकून, दोन्ही हातांनी, विहिरीतून बादली ओढावी तसा ती चेंडू खालून वर उचलायची. दिसायला ते हास्यास्पद दिसे. नव्या मुली तोंडावर हात ठेवून हसत. पण दहातले नऊ चेंडू जाळीत पडत. बहनजींनी एकदा विनयालाही तसं फेकून बघायला सांगितलं होतं. विनयाने दोनदा फेकलं आणि मग, मला नाही जमत, म्हणून सोडून दिलं. जमत नव्हतं असं नाही, तसं वाकून उभं राहायची तिला लाज वाटत होती.

ते दिवस मोठे सुखाचे होते. सराव संपला की बहनजींच्या खोलीत माठातलं पाणी प्यायचं, थंडीत त्यांनी आणून ठेवलेली तीळपट्टी खायची, आणि ताराची बस गेल्यावर उरलेल्यांनी चालत चालत घरी जायचं. बहनजी मुलींशी हिंदीत बोलत आणि विनयाशी वऱ्हाडीत. इतर मुलींना वाटे की या दोघी काहीतरी गुपित बोलतायत. प्रत्यक्षात बहनजी बहुतेक वेळा म्हणत असत, "पाय उचल, झोपून राहिली का तू?"

साठ सालच्या डिसेंबरात राज्यातल्या कॉलेजांच्या स्पर्धा जयपुरात भरल्या. कोटा हरलं, उदयपूर हरलं. उपान्त्य सामन्यात बिकानेरविरुद्ध सदतीसपैकी चोवीस गुण एकट्या विनयाचे होते. दुसऱ्या दिवशी गावातल्या हिंदी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात तिचं नाव नव्हतं, पण "जयपुर की लंबी मराठी लड़की" असं छापलं होतं. सदाशिवरावांनी ते कात्रण कचेरीत नेलं. ज्यांना खेळ कळत नव्हता त्यांना दाखवलं, ज्यांना कळत होता त्यांनाही दाखवलं. अंतिम सामना संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी तीनला ठरला, अजमेरच्या मुलींशी. जिंकणाऱ्या टीममधल्या बहुतेक मुली पुढे विद्यापीठाकडून मुंबईला खेळायला जाणार होत्या.

त्या रविवारी कॉलेजच्या कोर्टाभोवती एवढी माणसं जमली की बहनजींना दोरी बांधावी लागली. आदल्या दिवशीचे कापलेले पतंग कडुलिंबांवर लटकत होते आणि गच्च्यांवर अजून थोडे उडतच होते. एका बाजूला सतरंजी टाकून मराठी मंडळी बसली होती. सदाशिवरावांनी आपल्या साहेबांना बरोबर आणलं होतं आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते त्यांना खेळाचे नियम समजावून सांगत होते. ते स्वतःही ते तीन दिवसांपूर्वीच विनयाकडून शिकले होते.

पहिला अर्धा भाग छान गेला. सतरा विरुद्ध बारा, जयपूर पुढे, त्यातले अकरा विनयाचे. मधल्या सुट्टीत ती माठाकडे गेली आणि तिथून तिला आई दिसली. आई आजवर एकही सामना बघायला आली नव्हती. आता ती नऊवारी नेसून, शाल घेऊन, सतरंजीच्या कडेला अंग चोरून बसली होती आणि आजूबाजूच्या बायका वाकून वाकून तिच्याशी बोलत होत्या. आईने विनयाकडे बघितलं आणि ती किंचित हसली. त्या हसण्यात इतकं काही होतं की विनयाला एकदम आपल्या हातांची जाणीव झाली. हे हात किती लांब आहेत, आणि त्यांच्याकडे आज किती माणसं बघतायत, असं काहीतरी.

दुसऱ्या अर्ध्यातला पहिला चेंडू तिने अगदी जवळून फेकला आणि तो बोर्डाला लागून बाहेर आला. असं नेहमी होतं. पण या वेळी पुढचा चेंडू हातात आला तेव्हा तिने विचार केला, आणि जे हात दोन वर्षं न विचारता काम करत होते ते अडखळले. अजमेरची कप्तान जयंती माथुर तिच्या अंगाशी चिकटून खेळू लागली. विनयाचा तिसरा नेम चुकला, चौथा चुकला. माणसं तिचं नाव घेऊन ओरडत होती, ते आधी तिला ऐकू येत नसे, आता एकेकाचा आवाज ओळखू येऊ लागला. त्यात बाबांचाही होता. अजमेर गुणागुणाने वर येत गेलं, आणि खेळ संपायला चार सेकंद उरले तेव्हा अठ्ठावीस विरुद्ध सत्तावीस असं पुढे होतं.

आणि तिथे जयंती माथुरने चूक केली. घाईत, गोंधळात, तिने पंचांकडे हात करून टाइम-आउट, म्हणजे थोडं थांबायला वेळ, मागितला. त्यांचे दोन्ही टाइम-आउट आधीच घेऊन झाले होते. ज्यादा मागणं हा नियमभंग होता. पंचांनी शिट्टी वाजवली आणि जयपूरला दोन थ्रो दिले. एक पडला तर बरोबरी, दोन पडले तर जिंकलं. अशा थ्रोचा नियम असा, की पाचांपैकी कुणीही फेकावा, कोण ते कप्तान ठरवणार.

पंच चेंडू घेऊन विनयासमोर आले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, कप्तान, कोण फेकणार?

विनयाला सगळं स्पष्ट दिसत होतं. स्वतःचे हात गार पडले होते, बोटं चेंडूवर बसत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. तारा तिच्यापासून सहा पावलांवर उभी होती आणि मान खाली घालून आपल्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत होती. नाव तिच्या अगदी जिभेवर आलं. मग तिला दिसलं, की तारा पुढे होणार, वाकणार, चेंडू खालून उचलणार, आणि तो आत पडला की हे सगळे लोक, बाबांचे साहेब, आई, सगळे त्या बुटक्या मुलीसाठी उभे राहणार. हा विचार डोळ्याचं पातं लवेपर्यंतच टिकला असेल. पण तो आला होता, हे ती पुढे कधी विसरली नाही.

"मैं," ती म्हणाली.

पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून तिच्याच दिशेने परत आला. दुसरा कशालाच शिवला नाही. जाळीच्या अलीकडे हातभर खाली पडला. मग नियमाप्रमाणे मधल्या रेषेवरून चेंडू जयपूरलाच मिळाला, पण तो कुणाच्या तरी हाताला लागून बाहेर गेला आणि शिट्टी झाली. अजमेरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जयंती माथुर तर ढसाढसा रडत होती. विनया रेषेवर उभीच राहिली, कारण तिथून कुठे जायचं ते तिला सुचत नव्हतं.

घरी जाताना बाबा सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालले. आई आणि राजन पुढे टांग्याने गेले होते. बाबांनी रस्ताभर एकच वाक्य उच्चारलं, थंडी वाढलीये, कानाला गुंडाळून घे. घरी आईने आदल्या दिवशीच्या गुळाच्या पोळ्या तुपात गरम केल्या. विनयाने अर्धी खाल्ली. सामन्याबद्दल कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटत राहिलं.

आठवडाभराने बहनजींनी तिला बोलावून घेतलं. खोलीत दोघीच होत्या. बहनजी एका जाळीची तुटलेली दोरी गाठवत बसल्या होत्या.

"एक सांग मले," त्या वर न बघता म्हणाल्या. "ताराले द्यायला पाहिजे, हे तुले माहीत होतं नं?"

विनयाने मान डोलावली.

"मग जाऊ दे. माहीत नसतं त मले शिकवा लागलं असतं."

विनयाला वाटलं होतं की रागावतील, निदान समजूत घालतील. त्यांनी दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं आणि ओढून धरायला सांगितलं.

तारा सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी कॉलेजात आली. पण विनया समोरून येताना दिसली की ती वाट बदलायची, आणि खरं सांगायचं तर विनयाही बदलायची. फेब्रुवारीच्या अखेरीला तारा यायची बंद झाली. मुलींमध्ये बोलणं झालं, की तिच्या ताऊजींनी, म्हणजे थोरल्या काकांनी, म्हणे सांगितलं होतं, विद्यापीठाकडून मुंबईला जाणार असशील तर पुढे शीक, नाहीतर घरी बस. हे कुणी ऐकलं, कुणाकडून ऐकलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. विनयाने चौकशी केली नाही. तिने ते सरळ स्वतःच्या नावावर घेतलं. टोंक रोडवर सांगानेरची बस दिसली की ती दुसरीकडे बघायची. दुर्गापुऱ्यापलीकडे दहा-बारा मिनिटांवर ते गाव होतं, पण त्या बसमध्ये ती एकदाही चढली नाही.

कॉलेजकडून ती त्यानंतर खेळली नाही. बासष्ट साली बाबांची बदली नागपूरला झाली. सामान बांधून झाल्यावर ती बहनजींचा निरोप घ्यायला गेली तेव्हा त्यांनी एक पत्र लिहून दिलं, अमरावतीला त्यांच्या जुन्या गुरुजींच्या नावे. विनया वर्षभर तिथे राहून शिकली आणि नागपुरात मुलींच्या एका शाळेत व्यायामशिक्षिका म्हणून लागली. आईला वाटलं होतं, पोरगी पुन्हा चेंडूकडे बघणार नाही. विनयालाही तसंच वाटलं होतं. पण दुसऱ्याच्या हातातला चेंडू बघताना तिला त्रास होत नसे, उलट बरं वाटे. मुली तिला घाबरत आणि तिच्यामागे फिरतही. तिच्या टीममध्ये एक अजब नियम होता. सामन्याआधीच्या आठवड्यात कुणाचे किती थ्रो पडले ते फळ्यावर लिहायचं आणि कुणीही फेकावेत असे थ्रो मिळाले तर वरच्या नावाने फेकायचे. कप्तानाला विचारायचंच नाही. का, ते तिने कधी सांगितलं नव्हतं.

अडुसष्टच्या डिसेंबरात शाळांच्या स्पर्धेसाठी तिला दहा मुली घेऊन जयपूरला यावं लागलं. गाव बदललं होतं. बापूनगरातल्या मोकळ्या जागा भरल्या होत्या, त्यांच्या घराच्या गच्चीवर आणखी एक मजला चढला होता, उंटगाड्यांच्या जागी स्कूटर आल्या होत्या. बहनजी निवृत्तीआधीच नोकरी सोडून गावी परतल्या होत्या. नळाचं पाणी तेवढं तसंच गार होतं. तिसऱ्या दिवशी मुलींना सुट्टी होती. सोबतच्या शिक्षिकेवर त्यांना सोपवून विनया टोंक रोडवर आली, आणि बस समोर थांबली तेव्हा फार विचार न करता चढली.

सांगानेरला छीपांचा मोहल्ला विचारत ती गेली. नदीच्या वाळूवर तागेच्या तागे कापड वाळत पडलं होतं, लाल, काळं, पिवळं. ताराचं सासर सापडायला वेळ लागला नाही, शिकलेली सून म्हणून सगळे ओळखत होते. तारा अंगणातल्या लांब मेजाशी उभी राहून ठसा मारत होती. डोक्यावर पदर, हात कोपरापर्यंत रंगलेले. तिने वर बघितलं, क्षणभर ओळखलं नाही, मग हातातला ठसा खाली ठेवला.

"कप्तान," ती म्हणाली, आणि हसली.

पुढची बोलणी हिंदीतच झाली. तारा आता आधीसारखी अबोल राहिली नव्हती. तिने दोन मुलं दाखवली, सासूबाईंना भेटवलं, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी पुढे ठेवली, बहनजी कुठे आहेत ते विचारलं. दिवाळीत आलेली मोठी मागणी, नवे रासायनिक रंग, त्यांनी हातांची कशी सालं जातात, हेही सांगितलं. विनया ऐकत होती, पण ती दुसरंच काही सांगायला आली होती. शेवटी भाकरी बाजूला ठेवून तिने ते सांगून टाकलं. मला माहीत होतं की चेंडू तुला द्यायला हवा. मी मुद्दाम दिला नाही. तुझ्यासाठी टाळ्या वाजाव्यात हे मला नको होतं. त्यामुळे आपण हरलो आणि त्यामुळे तुझं शिक्षण सुटलं.

ताराने जवळचं फडकं उचललं.

"माझं लग्न त्या सामन्याआधीच्या दिवाळीतच ठरलं होतं," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नाही. बहनजींना कळलं असतं तर त्यांनी मला टीममधून काढलं असतं, ही तर जाणारच म्हणून. मुंबईला मी तशीही आले नसते."

"आणि ताऊजी?"

"ताऊजींना बास्केटबॉल म्हणजे काय ते आजही माहीत नाही."

विनयाला काय वाटावं ते कळेना. हलकं वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण त्याबरोबरच आपलं काहीतरी कुणी काढून नेल्यासारखंही वाटत होतं. आठ वर्षं जे ओझं तिने सांभाळलं होतं त्याचा अर्धा भाग कधी तिचा नव्हताच.

तारा बोटांवरचा रंग फडक्याने पुसत होती, तो निघत नव्हता. "मी बुटांकडे का बघत होते, ठाऊक आहे?" तिने विचारलं. "तू माझं नाव घेऊ नयेस म्हणून. मी घाबरले होते, विनया. एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. मी मनात म्हणत होते, ही कप्तान आहे, हिनेच फेकावं. तू 'मैं' म्हणालीस तेव्हा मला इतकं सुटल्यासारखं झालं. आणि मग तू चुकलीस. तेव्हापासून तुझ्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटायला लागली. मी स्वतःहून पुढे होऊ शकले असते ना?"

शेजारच्या अंगणात कुणीतरी ठसा मारत होतं, त्याचे धप धप आवाज एका लयीत येत होते. दोघी जणी त्या कॉलेजात दीड महिना एकमेकींना चुकवत फिरल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी आपल्यावर रागावली आहे.

"मी नाव घेतलं असतं तर पडले असते का गं?" विनयाने विचारलं.

ताराने प्रश्न खरोखरच मनावर घेतला. डोळे बारीक करून ती थोडा वेळ समोर बघत राहिली, जणू रिंग तिथे वाळणाऱ्या कापडांच्या वर कुठेतरी टांगलेली होती.

"पहिला पडला असता," ती म्हणाली. "दुसऱ्याचं सांगता येत नाही."

विनयाला हसू आलं, आणि एकदा आल्यावर ते थांबेना. ताराही हसू लागली. सासूबाई आतून बघायला आल्या की या दोघींना झालं तरी काय. मग ताराने तिला उठवून मेजाशी नेलं आणि तुझ्या आईसाठी म्हणून काळ्या बुट्ट्यांची एक चादर बळेच हातात दिली. बसच्या थांब्यापर्यंत ती पदर सावरत सोबत आली. वाटेत त्यांनी टीममधल्या बाकीच्या मुलींची आठवण काढली. कोण कुठे असते, कुणाला किती मुलं, जयंती माथुरचं काय झालं, हे दोघींपैकी एकीलाही नीट ठाऊक नव्हतं, पण बोलत राहणं चांगलं वाटत होतं. बस आली तेव्हा तारा म्हणाली, पुढच्या वेळी आईला घेऊन ये. विनया चढली आणि खिडकीशी बसली. दुर्गापुऱ्याची शेतं मागे गेली, मोहरी फुलली होती. जुन्या दिवसांतल्या इतक्या गोष्टी तिला एकामागून एक आठवत होत्या की बापूनगर केव्हा आलं आणि गेलं, ते कळलंच नाही.

टीम उतरली होती त्या धर्मशाळेत मुली नुकत्याच जेवायला बसल्या होत्या. बाई, तुम्ही दिवसभर कुठे होता, म्हणून त्यांनी विचारलं. विनया ताट घेऊन त्यांच्या रांगेत बसली आणि तिने सांगायला सुरुवात केली. पतंगांपासून, दोरी बांधलेल्या कोर्टापासून, आई शाल घेऊन आली तिथपासून. पंचांनी कोण फेकणार म्हणून विचारलं तेव्हा आपल्या मनात काय आलं, तेही तिने गाळलं नाही. मुलींचे घास हातातच राहिले. दोन्ही थ्रो चुकले हे ऐकल्यावर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. आपल्या बाई कधी काही चुकल्या असतील हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

सगळ्यात लहान मुलगी शेवटी म्हणाली, "म्हणजे बाई, मॅच अजमेरनेच जिंकली?"

"हो," विनया म्हणाली, "एका गुणाने," आणि तिने आमटीचं भांडं पुढे ओढलं.